कोऱ्या हाताचं पाणी

माझ्या हातचं पाणी न पिणारी बाई मला आयुष्यात एकच भेटली, आणि नेमकी तीच माझी घरमालकीण निघाली. कारण जातीचं नव्हतं, सोवळ्याओवळ्याचं नव्हतं, माझ्या आंघोळीच्या वेळांचं तर नव्हतंच. माझ्या अंगावर गोंदण नव्हतं, एवढंच.

चौऱ्याहत्तर साली इस्लामपुरातल्या एका शाळेत मला शास्त्र शिकवायची नोकरी लागली. सांगलीहून एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन मी एसटीतून उतरले आणि चार दिवस खोली शोधत हिंडले. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की गावाला प्रश्न फार पडत. लग्न का नाही केलं, इथपासून सुरुवात, आणि उत्तर दिलं की खोली कालच दुसऱ्याला दिली म्हणून सांगत. या घरमालकिणीनं, जिजीनं, मात्र एक अक्षर विचारलं नाही. तिनं माझा उजवा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, पोलक्याची बाही दंडापर्यंत वर सारली. मग डावा हात. मग हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे फिरवलं. म्हैस विकत घेतानासुद्धा माणसं इतकी बारकाईनं बघत नाहीत. शेवटी हनुवटी सोडून ती आत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "आवं, ही तर कोरीच हाय."

त्या दिवसापासून माझं नाव कोरी पडलं.

खोली मिळाली, पण अटीवर. "चैताच्या जत्रंला गोंदणारीण येती. तवा गोंदून घ्यायचं. तवर माझ्या हंड्याला हात लावायचा न्हाई. आन् तुझ्या हातचं पानी मी पिनार न्हाई, हे आदीच सांगती." मी हो म्हटलं. चार दिवस पायपीट करून माझी अशी गत झाली होती की खोली मिळते म्हटल्यावर पाठीवर वाघ गोंदून घ्यायलाही मी हो म्हटलं असतं.

जिजी तेव्हा साठीच्या आसपास होती. काटकुळी, उंच, नऊवारी घट्ट नेसलेली, आणि हात, दंड, पोटऱ्या, हनुवटी, कपाळ सगळीकडे हिरवट निळी चित्रं. कपाळावर आडवी चिरी, हनुवटीवर तीन ठिपके, मनगटावर तुळशीवृंदावन, पोटरीवर नाग आणि उजव्या हातावर, कोपराच्या खाली, शेपटी वर केलेला एक मोठा विंचू. प्रत्येक चित्राचा अर्थ तिला पाठ होता आणि कुणी विचारलं नाही तरी ती सांगत असे. चिरी म्हणजे कपाळ कोरं नसल्याचा दाखला. तीन ठिपके दृष्टीसाठी, कारण दृष्ट लावणाऱ्याला आधी ठिपके मोजावे लागतात आणि तोवर दृष्ट विरून जाते. तुळस म्हणजे देवाच्या दारातून आत जायची परवानगी. नाग असला की नाग डसत नाही आणि विंचू असला की विंचू चावत नाही.

आता झालं असं, की पहिल्याच पावसाळ्यात सरपणात हात घालताना जिजीला विंचू चावला. तोही उजव्या हाताला, गोंदलेल्या विंचवापासून दोन बोटांवर. मी शास्त्राची बाई, मनातून खूश झाले होते, खोटं कशाला बोलू. हात सुजला होता, वेदनेनं डोळ्यांतून पाणी येत होतं, त्या अवस्थेत मी तिला विचारलं, "आता काय म्हणता, जिजी?"

"काय म्हननार? त्येला वाटलं, आपल्या जाग्यावर दुसराच बसलाय. भांडान झालं त्येंचं."

"बांधाचं भांडान," हवालदार गंभीरपणे म्हणाले. "आमच्याकडं लय हुत्यात."

हवालदार म्हणजे जिजीचे यजमान. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, मोजकं बोलणारे, रोज सकाळी मिशीला तेल लावणारे. ते माझ्या हातचं पाणी पीत, पण जिजी बाजारात गेली की. परसात उभं राहून तांब्या तोंडाला लावायचे आणि म्हणायचे, "मिलटरीत कुनाकुनाच्या हातचं प्यालोय, बाई. तिला सांगू नगा."

जिजीचं तत्त्वज्ञान सोपं होतं. "मेल्यावर संगं काय येतं? सोनं हितंच. लुगडं हितंच. ह्यो म्हातारा बी हितंच. गोंदण तेवढं संगं येतं." मी म्हटलं, "जिजी, कातडी तर जळून जाते." तिनं माझ्याकडे मी ढ मुलींकडे बघायची तसं बघितलं. "कातडं जळतं. गोंदण न्हाई जळत." यावर प्रयोगशाळेत करून दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

वर गेल्यावर काय होतं तेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिथं दारात एक कारकून बसतो. रांग असते. बायका एकेक करून पुढे होतात, हात दाखवतात. खूण असली की तांब्याभर पाणी मिळतं आणि आत सोडतात. खूण नसली तर पाणी नाही, आत जाणं नाही, तिथंच दाराशी उभं राहायचं. किती दिवस? त्याला मोजमाप नाही. कारकून कधी कधी चहाला गेलेला असतो, तेव्हा खूण असलेल्यांनाही थांबावं लागतं. म्हणजे स्वर्ग कसा चालतो हे जिजी सरकारी कचेरीत बसून शिकली होती, आणि मला तरी त्यात अविश्वसनीय काही वाटत नव्हतं.

त्यात भर म्हणून हवालदारांनी एकदा तिच्या हातात कोलीतच दिलं. म्हणाले, "मिलटरीत बी कागदावर लिवून घेत्यात. माझ्या कागदावर हाय, डाव्या दंडावर मारुती. मानूस पडला तर कोन पडला ते कळाय पायजे."

"बघ," जिजी मला म्हणाली. "दिल्लीचं सरकार बी तेच करतंय. तूच येवडी शानी."

मी हरणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी बाही वर करून मी तिला दंडावरचे देवीच्या लशीचे दोन वण दाखवले. "हे बघा. हीसुद्धा खूणच आहे. लहानपणी टोचून काढलेली." जिजीनं वणावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली. मग बाही खाली ओढून म्हणाली, "डाग हाय त्यो. चित्तर न्हाई. वरच्याला वाचता याय नगं का?" आणि उठून आत गेली. तिचा आवाज का बदलला ते मला कळलं नाही.

ते मला हवालदारांनी सांगितलं, परसात, पाण्याचा तांब्या खाली ठेवून. त्यांना एक मुलगी होती, छबी. साडेतीन वर्षांची. हवालदार तेव्हा सीमेवर होते. त्या वर्षी गोंदणारीण दारात आली, काजळाची वाटी आणि सुया मांडून बसली. पोर सुया बघून किंचाळली आणि आईच्या गळ्याला जी मिठी मारली ती सोडेना. जिजी म्हणाली, ऱ्हाऊ द्या, फुडच्या वर्सी काढू.

"फुडचं वरीस कुठलं," हवालदार म्हणाले. "देवी आल्या. आठ दिसांत पोर गेली. तवापास्नं हिचं ह्येच चालू हाय. पोर कोरी गेली, तिला कुनी पानी देत नसंल, दारातच उभी असंल. सावलीला तरी असंल का, आसं मला इचारती. मी काय सांगनार?"

त्या दिवसानंतर मी जिजीशी गोंदणावरून वाद घालायचा बंद केला. एक वाक्य मात्र माझ्या जिभेवर यायचं आणि मी ते गिळायची. छबीच्या अंगावर तुळस नको होती, विंचू नको होता. माझ्या दंडावर होते ते दोन डाग तेवढे हवे होते. हे मी तिला कधी सांगितलं नाही आणि ते बरं केलं.

पण म्हणून मी गोंदून घेतलं असं नाही. आडमुठेपणात मीही काही कमी नव्हते. पहिल्या जत्रेच्या वेळी सांगलीच्या काकांचं ऑपरेशन आहे म्हणून मी पळून गेले. दुसऱ्या जत्रेला काकांचं पुन्हा ऑपरेशन झालं. काका ठणठणीत होते, रोज कृष्णेच्या घाटावर फिरायला जात. परत आले तेव्हा जिजी दारातच बसली होती. "काकाचं आता काय ऱ्हायलंय कापायचं?" तिनं विचारलं. मग पुढे हळू आवाजात म्हणाली, "तुला काय वाटतं गं? मी मज्जा म्हनून मागं लागती? उद्या तुजं कायबाय झालं, तर आनखी एक पोर दारात उभी."

तिच्या या नियमाची गंमत अशी, की त्यानं गल्लीची सगळी मांडणीच उलटी केली होती. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांची आई बौद्धवाड्यातून जिजीकडे गप्पा मारायला यायची. जिजीच्याच वयाची, हातभर गोंदलेली. जिजी तिला म्हणायची, "हंड्यातलं पानी घे आन् मला बी दे." ती द्यायची, जिजी प्यायची, आणि समोरच्या ओसरीवरच्या बायकांचे जीव वरखाली व्हायचे. आणि मी, जिच्या आजीनं सांगलीत आयुष्यभर दुसऱ्यांना लांबून पाणी वाढलं, त्या आजीची नात हंड्यापासून चार हातांवर बसून हे बघायची. आजीला कळलं असतं तर तिनं अंथरूणच धरलं असतं.

कुणीतरी जिजीला छेडलंच. तिनं फटकन सांगितलं, "वर जात इचारत न्हाईत. गोंदण इचारत्यात."

सरांची आई हसून म्हणाली, "आमी छप्पन्न सालापास्नं सोडलं बाई ते समदं. अंगावरचं तेवढं निघंना."

"निघायचंच न्हाई ते," जिजी म्हणाली. "माझ्या आदी गेलीस तर रांगंत जागा धर."

सत्त्याहत्तर साली आणीबाणी सैल झाली आणि निवडणूक लागली. मी मत देऊन घरी आले. जिजीची नजर सरळ माझ्या डाव्या हाताच्या बोटावर गेली.

"ह्ये काय?"

"शाई. मत दिल्याची खूण."

तिनं माझं बोट धरलं. आधी ओल्या पदरानं घासलं, मग राखेनं, मग लिंबानं, शेवटी रॉकेलच्या बोळ्यानं. शाई हलली नाही. जिजीच्या चेहऱ्यावर हळूहळू आदर दिसायला लागला.

"कुनी काढली?"

"सरकारनं."

"आडवी हाय. चिरीच की ही." ती ओसरीवर येऊन बसली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोरे, पानी आन."

जवळजवळ तीन वर्षांत पहिल्यांदा. मी तांब्या भरून नेला. ती प्यायली, तोंड पुसलं आणि "ग्वाड हाय" म्हणाली. नळाचंच पाणी होतं, ती रोज तेच प्यायची. तरी मी आत येऊन जरा वेळ भिंतीला टेकून उभी राहिले.

मग ती स्वतः मत द्यायला गेली आणि तणतणत परत आली. कुणाला मत दिलं ते तिला महत्त्वाचं वाटत नव्हतं. "रेघ वाकडी काढली मेल्यानं. म्या म्हनलं, दुसऱ्या बोटावर सरळ काढ. तर म्हनतो, एकदाच मिळती." त्या वर्षीच्या जत्रेत माझी सुटका झाली. सरकारी चिरी आहे तर यंदा राहू दे, असं तिनं गोंदणारणीला स्वतःच सांगितलं.

सरकारचं गोंदण मात्र टिकाऊ नव्हतं. कातडीवरची शाई पंधरा दिवसांत गेली. नखावरची राहिली, पण नख वाढेल तशी ती पुढे सरकायला लागली. जिजी रोज सकाळी माझं नख तपासायची. ते नख कापायला मला सक्त मनाई होती. बाकीची नऊ नखं कापलेली आणि एक वीतभर, अशी मी वर्गात आरोग्याचा धडा शिकवत होते. हेडबाईंनी विचारलंच. मी म्हटलं, घरमालकीण कापू देत नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, इस्लामपुरात घरमालकिणीपुढे कुणाचंच चालत नसे.

श्रावणात प्रयोगशाळेचा ड्रॉवर ओढताना नख मोडलं. शाईची कड त्याच्याबरोबर गेली. जिजीनं बोट पाहिलं, सोडून दिलं. "संपलं," एवढंच म्हणाली. मी बॉलपेन काढून दाखवलं, रोज एक चिरी काढते म्हटलं. "धुऊन जातंय ते. वरच्याला फसवती व्हय?"

आणि त्याच महिन्यात ती आजारी पडली. ताप उतरेना. चौथ्या दिवशी दुपारी हवालदार डॉक्टरांना आणायला गेले आणि घरात मी आणि ती दोघीच उरलो. तिचे ओठ फुटले होते. "पानी," ती म्हणाली. मी तांब्या घेऊन गेले. तिनं डोळे उघडले, माझं बोट पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

मला असा संताप आला. "जिजी, पुरे झालं," मी ओरडले. "घशाला कोरड पडून मराल, आणि ते कशासाठी?"

ती भिंतीकडेच बघत बोलली. "माझी पोर तिथं तान्हेली उभी. आन् मी हितं कोरीच्या हातचं पिऊ? मंग तिनंच काय पाप केलं?" थोड्या वेळानं म्हणाली, "आन् मी गेल्यावर ती मला घावायची कशी? तिच्या अंगावर खूण न्हाई. तिथं काय कमी पोरी हायत्या?"

शाळेत मी दरवर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायची : पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नये. मुली ते वहीत उतरवून खाली रेघ मारायच्या. तीच मी, तांब्या हातात धरून, त्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "जिजी, खूण तिच्या अंगावर नाही, पण तुमच्या अंगावर आहे ना? तुम्ही तिला शोधायचंच नाही. ती तुम्हाला ओळखेल."

मग तिनं उजवा हात अंगावरच्या वाकळेतून बाहेर काढला आणि विंचवाकडे पाहिलं.

"इचू वळखंल ती," ती म्हणाली. "त्येला घास भरवायची. आदी इचवाला भाकरीचा तुकडा, मंग आपुन खायची." आणि लगेच, शंका आली तसं, "पर पानी? कोऱ्या पोरीला पानी कोन दिल?"

"तुम्ही द्या. रेशन कार्डासारखं आहे ते. कार्ड एकाच्या नावावर असतं, घरातली सगळी त्यावर येतात. तुमच्या खुणेवर ती आत येईल."

"माझी म्हनून?"

"तुमची म्हणून."

जिजीनं यावर विचार केला. कचेरीचं कामकाज तिला कळत होतं. "कार्डावर नाव घालाय लागतं पर," ती पुटपुटली. मग तोंड उघडलं. मी पाणी घातलं. थांबून थांबून तिनं अख्खा तांब्या संपवला.

डॉक्टरांच्या औषधानं ती आठवड्याभरात उठून बसली, आणि उठल्याबरोबर पहिलं काम केलं ते हे की सगळं नाकारलं. "म्या? कोरीच्या हातचं? तापात असंल मी. काय बी बोलू नगंस." हंडा पुन्हा मला बंद झाला. मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, कारण बोलायचं काम ती एकटीच करत असे.

दिवाळीनंतर मला साताऱ्याला बरी नोकरी लागली. निघताना जिजीनं माझे दोन्ही हात पुन्हा उलटे केले, सुलटे केले. "कोरी आलीस, कोरी चाललीस," म्हणाली. स्टँडवर आली नाही. हवालदारांनी ट्रंक आणून दिली.

दीड वर्षानं एके दुपारी हवालदार साताऱ्याला माझ्या दारात उभे राहिले. उन्हाळा होता, तरी पलटणीतला कोट घातलेला. पेन्शनच्या कामाला आलो होतो म्हणाले. बसले. मिशीला तेल नव्हतं. मी जिजीचं विचारलं.

"कागदावरनं तिचंच नाव काढायचं हुतं, बाई," ते म्हणाले. "म्हैना झाला."

ते पुढे सांगत राहिले. मी गेल्यानंतरच्या जत्रेला जिजी गोंदणारणीपुढे जाऊन बसली. गोंदणारीण म्हणाली, म्हातारे, कातडं लोंबाय लागलं, आता कुठं काढू, जागा न्हाई ऱ्हायली. जिजीनं विंचवाचं तोंड दाखवलं. हितं काढ, दोन टिपकं.

"म्या इचारलं, ह्ये काय नवीनच? तर म्हनली, कार्डावर नावं घातली. येक छबीचं, येक कोरीचं."

हवालदार पुढे म्हणाले, "छबीचा टिपका चटकन बसला. तुमचा काय बसंना. दोनदा सुई घालाय लागली, लय रगात आलं. म्हनली, कोरी पयल्यापास्नं आसलीच हट्टी हाय."

मी हसले आणि मला रडू आलं, दोन्ही एकदमच. पदर तोंडाला लावून मी तशीच बसून राहिले. हवालदार खाली जमिनीकडे बघत होते. माझं जरा आवरल्यावर म्हणाले, "बाई, पानी द्या."

मी तांब्या भरून आणला. आता लपून प्यायचं कारण नव्हतं, तरी ते सवयीनं उठून मागच्या दारी गेले, उभ्यानंच प्यायले आणि तांब्या माझ्या हातात परत देताना म्हणाले, "तिचा निरोप हाय. वर रांग असली तर उभं ऱ्हायचं न्हाई. सरळ फुडं व्हायचं आन् सांगायचं, इचूवाल्या जिजीची हाय."

मी पुरावा मागितला नाही. बरं म्हणाले.